बेबीताईंच्या वांग्यांची तपासणी

कीड आधी कागदावर यावी लागते. त्याशिवाय ती झाडावरून जात नाही. हे ज्याला कळलं त्याला शेती कळली. ज्याला कळलं नाही, तो उगाच निंबोळीचा अर्क फवारत बसतो.

हिंदी मुलखातल्या रांझीच्या आमच्या कॉलनीत बेबीताईंनी मागच्या अंगणात वांग्याची बारा झाडं लावली होती. आषाढापासून त्यांनी वांगं तोंडाला लावलं नव्हतं. चंपाषष्ठीला खंडोबापुढे भरीत ठेवायचं ते याच झाडांचं, आणि कॉलनीतल्या तीस मराठी घरांना प्रसाद द्यायचा, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. (जाहीर करणं ही चूक. कीडसुद्धा ऐकते.)

षष्ठीला चार दिवस उरले असताना एका वांग्याला भोक दिसलं.

बेबीताईंची नात ऋचा शेतकी कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "आजी, फळ पोखरणारी अळी आहे. सुकलेले शेंडे तोडून जाळ, भोकवालं वांगं काढून फेक, पतंग पकडायला एक कामगंध सापळा लाव. बस, हो गया." सल्ला एका दमात संपला, म्हणून तो कुणी मनावर घेतला नाही.

त्याच संध्याकाळी समिती नेमली गेली. अध्यक्ष भय्यासाहेब. तोफगोळ्यांच्या कारखान्याच्या तपासणी विभागात चौतीस वर्षं काढलेला माणूस. त्यांच्या हाताखालून एकही सदोष तोफगोळा बाहेर गेला नाही. (निर्दोषही वेळेवर गेला नाही, असं इतर विभागांतले लोक म्हणतात. जळतात.) सदस्य त्यांच्यासह पाच, पाचही कारखान्याचे पेन्शनर. मी सुरी धरायला. साहित्य म्हणजे भिंग, मोजपट्टी, लाख आणि कारखान्याचा पितळी शिक्का. शिक्का सदस्य शरच्चंद्ररावांनी घरून आणला. त्यांच्या घरी तो कसा, हे समितीच्या कक्षेत येत नाही.

पहिल्या दिवशी अळीची व्याख्या झाली. दुसऱ्या दिवशी ऋचाच्या पुस्तकात सापडलं, की शंभरात पाचापर्यंत फळं किडली तर औषध मारायचं कारण नाही. समितीत आनंदीआनंद झाला. पाच टक्के! आकडा मिळाला की म्हाताऱ्या माणसालाही जगायला बळ येतं. आता फक्त मोजायचं होतं.

"पण आतली अळी बाहेरून दिसणार कशी?" शरच्चंद्ररावांनी विचारलं.

भय्यासाहेबांनी चष्मा पुसला. "गोळा चांगला आहे हे कसं कळतं? उडवून. तसं वांगं कापून."

"सगळी?"

"शेकड्याला एक गोळा उडवत होतो आपण. पण तो फौजेसाठी. हे देवासाठी आहे. एक सोडलं अन् त्यातच अळी निघाली, तर जबाबदार कोण?"

कुणीच नव्हतं. ठराव मंजूर झाला.

तिसऱ्या दिवशी बेबीताई रोडग्यांसाठी बाजरीचं पीठ आणायला दीक्षितपुऱ्यात बहिणीकडे गेल्या, आणि समितीने झाडांना हात घातला. मी कापत होतो, पाच जण भिंगातून पाहत होते आणि "निर्दोष!" असं ओरडत होते. दर निर्दोषाला टाळ्या. चाळिसाव्या वांग्याला शरच्चंद्रराव चक्क नाचले. (गुडघा बदलून घेतलेला आहे, हे लक्षात घ्यावं.)

एकूण वांगी बासष्ट. कापली एकसष्ट. निर्दोष साठ, अळी एकात. भोक पडलेलं तेवढं कापलं नाही. दोष उघड असताना तपासणी म्हणजे वेळेचा अपव्यय. त्याला 'दोष सिद्ध' अशी चिठ्ठी बांधून झाडावरच ठेवलं. नुकसान ३.२ टक्के. पीक सुरक्षित.

बेबीताई आल्या. झाडांकडे पाहिलं. मग आमच्याकडे.

"भय्यासाहेब, काय करून राहिले तुम्ही लोक?"

"अभिनंदन, ताई! साठ वांगी एकदम निरोगी निघाली."

"निघाली ना? मग आहेत कुठे?"

"पुराव्यात." भय्यासाहेबांनी लाखेने बंद केलेल्या पिशव्या दाखवल्या.

"अहो, चिरलेलं वांगं विस्तवावर भाजू कसं मी? काहून कापली?"

"निरोगी आहेत हे कळावं म्हणून."

"आणा इकडे. भाजी तरी करते."

"सील आहे, ताई. अहवालावर पाच सह्या व्हायच्यात." (पाचवे सदस्य टाळ्या वाजवून दुपारच्या गाडीने जावयाकडे नागपूरला गेले होते.)

बेबीताई खाली बसल्या आणि पिठाच्या पिशवीची गाठ सोडायची-बांधायची असं करत राहिल्या.

षष्ठीला बारा झाडांवर मिळून एक वांगं होतं, चिठ्ठीवालं. बेबीताईंनी किडका भाग काढला, अळीला अंगणाबाहेर नेऊन सोडलं आणि उरलेलं भाजलं. खंडोबाला घरचं भरीत मिळालं, चमचाभर.

तीस घरांसाठी मात्र बाजार गाठावा लागला. कमानिया गेटजवळ त्यांच्या मागे पिशवी धरून मी. टोपलीतली वांगी टपोरी, जांभळी, आणि एकूण एक वांग्यावर बारीक, चंद्रकोरीसारख्या जखमा.

"भैया, इसमें तो कीड़ा लगा है."

भाजीवाल्याने पाणी शिंपडलं. "कीड़ा नहीं है अम्मा, ग्राहक लगे हैं. सुबह से दबा-दबाके देख रहे हैं, लेता कोई नहीं."

या दुसऱ्या किडीची समितीने रीतसर नोंद घेतली आहे. पाय दोन, हातात पिशवी; भेंडीचं टोक मोडते आणि भेंडी परत टोपलीत टाकते. पुस्तकात तिच्यावर औषध नाही. वर्णन पक्कं करायला एक नमुना तेवढा हवा आहे, तेव्हा वाचून झालं असेल तर जरा नखं पुढे करा.