पत्त्यासकट गाऱ्हाणं

आमचे शेजारी भिकूकाका रोज दिवेलागणीला अंगणातल्या तुळशीसमोर उभे राहतात, नारळाच्या करटीत मोबाइल उभा करतात आणि ब्राझीलला विचारतात, "जेवण झाला मां गे?"

ब्राझीलमध्ये तेव्हा सकाळ असते, हे मी त्यांना सांगून पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ते "पाव खाल्लंस मां गे?" असं विचारायला लागले. एवढाच फरक. मग मनिलाला सलाम, आयर्लंडला नमस्कार, आणि काका लाइव्ह गाऱ्हाणं घालायला सुरुवात करतात.

आमच्याकडच्या माणसांना गाऱ्हाणं समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. देवासमोर उभं राहून कुणाची तरी अडचण मोठ्या आवाजात मांडायची आणि जमलेल्यांनी वाक्यावाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. हे काम ज्याचा आवाज चढा आणि लाज कमी, त्यालाच जमतं. काकांनी मुरगाव बंदरात क्रेन चालवत जन्म काढला. खालच्या माणसाला वरून हाका मारून आवाज असा झालाय की देवाला ऐकू न जाण्याचं काही कारणच नाही. जहाजांवरच्या खलाशांकडून सतरा भाषांमधले नमस्कार आणि तेवढ्याच शिव्या शिकून ते रिटायर झाले. नमस्कार आता वापरतात. शिव्या माडावरच्या माकडांसाठी ठेवल्यात.

हे सगळं सुरू झालं ते मारिलियामुळे. ही ब्राझीलची बाई गोव्यात समुद्राकडे राहायला आली होती. भाड्याच्या स्कूटरवरून रस्ता चुकली आणि धारगळ गावात आमच्या वाड्यावर येऊन पोचली. आईचं ऑपरेशन आहे म्हणून रडत होती. काकांनी तिला पाणी दिलं, गूळ दिला आणि नारळ ठेवून तिच्या आईसाठी गाऱ्हाणं घातलं. आई बरी झाली. मग तिने तिथून फोनवर आणखी एक गाऱ्हाणं मागितलं, नवऱ्याची दारू सुटावी म्हणून. काकांनी तिला दिसावं म्हणून लाइव्ह लावलं. तिच्या मैत्रिणी आल्या. मैत्रिणींच्या मैत्रिणी आल्या. एका खलाशाची बायको मनिलाहून आली. आता अख्खं जग इंग्रजी अक्षरांत "व्हय म्हाराजा" लिहितं आणि मी दोन घरांमधल्या दगडी गडग्याच्या अलीकडून कढीपत्ता तोडत ऐकते. आमच्या झाडाला पानं राहिली नाहीत, यावरून काय ते समजा.

मला राग येतो. का येऊ नये? गावच्या महिला भजनी मंडळाची मी प्रमुख आहे. आमच्याकडे पेटी आहे, पखवाज आहे, एकसारख्या साड्या आहेत. हमरस्त्यावरचं माझं दुकान वेळेआधी बंद करून मी तालीम घेते. आम्हीही भजन लाइव्ह केलं. बघायला एकटी माझी डिचोलीची बहीण होती, आणि तीसुद्धा मध्येच "कुकरची शिटी झाली गो" असं लिहून गेली. इकडे काका गंजीफ्रॉकवर, खांद्यावर पंचा, मागे दोरीवर लेंगा वाळत घातलेला, आणि त्यांना बदाम पाठवणाऱ्यांची रांग. बदाम म्हणजे ते लाल. मोबाइलवरचे.

"काका, मागचो लेंगो तरी काढा," मी एकदा म्हटलं.

"आसूंदी गे. घर आसा म्हणान कळता लोकांक."

माझ्या मंडळातल्या दोघीजणी तालीम सोडून त्यांच्या अंगणात बसायला लागल्या तेव्हा मी त्यांना जाब विचारला. एक म्हणाली, "वयनी, तुमच्या भजनात चुकला तर तुम्ही डोळे काढतास. थय नुसता व्हय म्हणाचा." ताल म्हणजे ताल.

काकांचा एक हट्ट आहे. गाऱ्हाणं पत्त्यासकट पाहिजे. "देवाकडे माणसां कितकी! मारिलिया म्हटल्यार खयची मारिलिया? पत्तो चुकलो तर हिचा सुख शेजारणीच्या घरात पडात." म्हणून ते सगळ्यांसमोर नाव, आईचं नाव, गाव, गल्ली विचारून घेतात आणि देवाला मोठ्याने वाचून दाखवतात. मारिलियाने तर पिन कोडही दिला. तिच्या नवऱ्याची दारू आता तिच्या गल्लीच्या नावासकट धारगळात पाठ आहे.

"अहो काका, अशी घरची गोष्ट जगाक सांगू नये."

"जगाक खय सांगतंय? देवाक सांगतंय. जग मधी बसलाहा त्याका मी काय करू?"

या हट्टानेच एका संध्याकाळी माझ्या हातातली कढीपत्त्याची डहाळी खाली पाडली. काका नेहमीच्या सुरात म्हणत होते, "बा देवा म्हाराजा, धारगळच्या सुलभेचो पूत निखिल, दुकानाच्या पाठल्या घरातलो, आता आयर्लंडात आसा, त्याचा काम सुटला हा, भाड्याची खोली सोडूक व्हयी, त्याका वाट दाखव रे म्हाराजा."

धारगळची सुलभा मी. निखिल माझा एकुलता एक. दर रविवारी मी त्याला फोन करते आणि तो सांगतो, "बरो आसंय. जेवलंय. ठेवतंय." आदल्या रविवारीही बरा होता. रोजचा तो आयर्लंडला नमस्कार कुणाला, हे मी कधी विचारलं नव्हतं.

गडग्याला जिथे वाट होती तिथपर्यंत जायला मी थांबले नाही. वरूनच ओलांडला. काकांनी मला बघून ब्राझीलला नमस्कार केला आणि लाइव्ह बंद केलं.

"माझ्या पोराचा माका तुमच्याकडसून कळाचा?"

काकांनी खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.

"किती दिवस येता तो थय?"

"रोज येता. तुका म्हायत आसात म्हणान मी..." ते खरोखर गोंधळले होते. "तुका सांगूक नाय तेणी?"

"त्याका आईपेक्षा तुम्ही जवळचे झालात?"

"जवळचो नाय गे. मी त्याका काय सांगणंय नाय. तू सांगतस. असा कर, तसा कर, हेका फोन कर. मी फक्त व्हय म्हणतंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगणारां खूप आसतत त्याका थय."

मला हे झोंबलं. मी दुकानदार बाई. गिऱ्हाईक आलं की काय पाहिजे ते विचारते आणि देते. नुसतं व्हय म्हणून कुणाचं पोट भरल्याचं मी पाहिलेलं नाही. तेव्हा मीही झोंबेल असं बोलले. "तुमचो संदेश तरी येता काय हो तुमच्या लाइव्हवर?"

संदेश त्यांचा मुलगा. वास्कोला असतो, बापाच्याच बंदरात नोकरीला. बसने दोन-तीन तासांची वाट.

काका पंचाने मोबाइलची काच पुसायला लागले. स्वच्छच होती. "नाय येणा. बापूस मोबाइलात नाचता म्हणान कामावरची हसतत त्याका. तुझी काकी गेल्यार म्हणालो, ह्या बंद कर, मगे मी येयन. चवथीच्या गणपतीकसुद्धा येवक नाय."

"मग बंद करा. सोप्पा आसा."

"केल्लंय गे, चार दिवस. मनिलाची ती बाय फोन करून रडाक लागली. तुझो निखिल विचारी, काका, बरे आसात मां?" त्यांनी मोबाइल करटीत परत उभा केला. "तेंका खय सोडू?"

"आणि संदेशासाठी गाऱ्हाणा? ता घालतास?"

"आपला आपण घालूक जमणा नाय." जगभरच्या नवऱ्यांची दारू सोडवणारा माणूस एवढंसं बोलून करटीतल्या मोबाइलची काच पुन्हा पुसायला लागला.

मला गाऱ्हाणं येत नाही. माझा आवाज भजनाचा, काळी दोन पट्टीचा, आणि तोही पेटी असली तर. तरी मी पदर खोचला आणि तुळशीकडे तोंड केलं. पण व्हय म्हणायला कोण? अंगणात आम्ही दोघंच. ज्याचं गाऱ्हाणं तोच व्हय म्हणतो, असं काही मी ऐकलेलं नाही. मी माझा मोबाइल काढला आणि निखिलला लावला. रविवार नव्हता.

"आई? काय झाला?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. तिकीट काढ, परत ये, दुकान आहे, तुझ्या मावशीच्या दिराची धारगळला फॅक्टरीत ओळख आहे. ते सगळं मी गिळलं. अजून गिळतेच आहे.

"काय नाय. भिकूकाकांसाठी गाऱ्हाणा घालतंय. तू थयसून व्हय म्हण."

तिकडे कुठेतरी बस जाताना ऐकू आली. मग तो म्हणाला, "घाल."

मी मोबाइल स्पीकरवर टाकून उंच धरला. "बा देवा म्हाराजा," मी सुरुवात केली. माझा सूर लागला नव्हता, हे मला कळत होतं. "भिकूकाकांचो संदेश, वास्कोचो, त्याच्या मनातली अढी काढ. एक दीस तरी घरात येवन जेवून जांवदी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आयर्लंडहून माझा मुलगा म्हणाला.

काका पंचा तोंडाशी धरून उभे होते. त्यांनी तो खाली घेतला आणि माझ्या हातातल्या मोबाइलवर क्रेनवरून ओरडावं तसे ओरडले, "मोठ्यान म्हण रे झिला! वास्कोक पावाक व्हया!"