छपरीतल्या ओळीचा पाचवा शब्द

उमराव पटले सर रिटायर झाले आणि कुडव्यातल्या घरापुढच्या छपरीत खुर्ची टाकून बसले, ते बसलेच. आठ महिने झाले, फाटकाबाहेर पाऊल नाही. चालले नाहीत तर गुडघे कायमचे आखडतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांच्या बायकोचा, कुंदाबाईंचा, जीव टांगणीला लागला होता.

"अजी, चौकापर्यंत तरी जाऊन या ना."

"कायले? कोण वाट पाहून राहिलं तिथं माही?"

ते काही खोटं नव्हतं. ज्या छपरीत तीस वर्षं पोरं रांगेनं बसून फसव्या इंग्रजी शब्दांची एक ठरलेली ओळ घोकायची, तिथं आता कुंदाबाईंच्या कुरड्या वाळत होत्या. सर कुरड्यांकडे बघायचे आणि उसासे टाकायचे. कुरड्यांना शिकवणार तरी काय?

मंगळवारी सकाळी शेजारची डिंपल आली. "सर, चौकातल्या हॉटेलवाल्यानं काळी पाटी लावली. डेझर्टमध्ये एकच एस आहे."

सर ताडकन उठले. "दोन एस म्हणजे गोडधोड. एक एस म्हणजे वाळवंट. लोकायले वाळवंट चारून राहिला काय तो?"

खिशात खडू, पायात चपला, निघाले. गुडघ्यांना विचारलंसुद्धा नाही.

हॉटेलवाल्यानं निमूट बाजूला होऊन जागा दिली. सरांनी एस वाढवला आणि वळले, तर समोर टेलरचीही काळी पाटी. लूज कपडे फिट करून मिळतील. लूजमध्ये एकच ओ.

"अरे, हे तर हरवलेले कपडे झाले," सर कळवळले आणि रस्ता ओलांडून गेले.

कुडव्यात एकाएकी काळ्या पाट्यांची साथच आली होती. पुढच्या गॅरेजवाल्यानं गाडीचे ब्रेक असे लिहिले होते, की ते लावायचे नव्हेत, मोडायचेच. तेही दुरुस्त झाले. असं करत करत सर किलोमीटरभर लांब, त्यांचा जुना विद्यार्थी रत्नपाल याच्या दुकानापाशी पोचले. स्टेशनरीत ई हवा तिथं ए होता.

"रत्नपाल, तू तर माहा पोरगा. वह्या विकतं का जागेवर उभा राहतं?"

चाळिशीच्या रत्नपालनं सवयीनं स्वतःचा कान पकडला. सरांनी खडू उचलला आणि हात तसाच थांबला. डेझर्ट, लूज, ब्रेक, स्टेशनरी. छपरीतली ओळ. त्याच क्रमानं.

"हे कोणं लिहायले सांगतलं? तुले तर ही ओळ कधी पाठच झाली नाही."

"सर, शपथ घातली हाय. नाव नाही सांगू शकत."

सरांनी खडू खिशात टाकला. पाटी तशीच सोडून घरी निघाले, आणि येतानाही कुठं टेकले नाहीत. कुंदाबाई चुलीपाशी भाकर थापत होत्या. चौथी शिकलेली बाई. पण छपरी आणि चूल यांच्यामध्ये एकच भिंत, तीही पातळ.  तीस वर्षांत भिंतीपलीकडच्या या वर्गाची हजेरी सरांनी कधी घेतलीच नव्हती.

"एवढा वेळ कोठी होते जी?" कुंदाबाईंनी भोळेपणानं विचारलं.

"स्टेशनरीनंतर कोणता शब्द येते?"

"क्वाइट," भाकर उलटता उलटता त्या म्हणाल्या, आणि जीभ चावली.

सरांनी खिशातला खडू काढून त्यांच्यापुढं ठेवला.

"उद्या तो लिवजो," ते म्हणाले. "पण जरा दूरच्या दुकानात. आन तूही चाल संगं."