भोक नसलेला बिल्ला

डेल्बर्ट स्ट्रूपच्या संग्रहात शिरलेली वस्तू तिथे कायमची राहील, असा भरवसा कुणी धरू नये. निवडणुकांचे जुने बिल्ले तो गोळा करायचा आणि जवळच्यापेक्षा उजवा नग दिसला की जुना काढून नवा घ्यायचा. याला तो ‘अपग्रेड’ म्हणे. संग्रहाने नेहमी वरच चढलं पाहिजे, असं झेन्सव्हिल गावाच्या बिल्ला मंडळात तो दर शनिवारी बजावून सांगे. संग्राहक स्वतः मात्र दर वर्षी थोडा ओघळत चालला होता. हे त्याची बायको लोर्ना सोडून कुणी बोलून दाखवत नसे.

त्याच्या मखमली खणांच्या पेटीला एकच डाग उरला होता. अमेरिकेच्या अठराशे चाळीसच्या अध्यक्षीय निवडणुकीतला पितळी बिल्ला. एका बाजूला उमेदवाराचा मुखडा, दुसऱ्या बाजूला त्याच्या प्रचाराचं चिन्ह असलेली लाकडी झोपडी. लोर्नाच्या खापरपणजोबांनी तो कोटावर मिरवला होता आणि त्यासाठी घोड्याच्या नालेचा खिळा ठोकून, नेमकं झोपडीच्या धुराड्यातूनच भोक पाडलं होतं. लग्नानंतर लोर्नाबरोबर तो या घरी आला आणि डेल्बर्टला बिल्ल्यांचा नाद लागला तो त्याच्यामुळेच. पण बिल्लेवाल्यांच्या जगात भोक म्हणजे पत्रिकेतला कडक मंगळ. एकदा दिसला की पुढचं कुणी ऐकूनच घेत नाही.

शेवटी डेल्बर्टने तो क्लाइड बुर्खोल्डरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात दिला, वर बरेच डॉलर मोजले आणि तस्साच पण बिनभोकाचा, लखलखीत बिल्ला घरी आणला. लोर्नाला सांगायची गरज त्याला वाटली नाही. ती पेटीकडे ढुंकूनही बघत नाही, तिला काय कळणार! तो स्वतः मात्र आपला एकेक नग डोळे मिटून ओळखतो, असं त्याचंच म्हणणं होतं.

आठवड्याभराने जेवताना लोर्ना म्हणाली, "रविवारी माझ्या हेस्टर आत्याला नव्वदावं लागतंय. आमच्या घरातल्या रीतीप्रमाणे नव्वदी गाठणाऱ्याला मिळणारा बिल्ला आता तिच्या छातीवर लागायचा. लाल फीत मी आणली आहे, तू तेवढा तो काढून ठेव."

डेल्बर्टने काट्यावरचा बटाटा परत ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच तो क्लाइडच्या दारात उभा होता.

"तो गेला," क्लाइड म्हणाला.

"कुणी नेला?"

"गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत नसतो. तुझंही कुणाला सांगितलं नसतं, कुणी विचारलं असतं तर."

सरळ बायकोला खरं सांगून टाकणं हा एक मार्ग होता. पण चाळीस वर्षांच्या संसारात त्याने तो कधी वापरला नव्हता. तो तळघरात गेला, ड्रिल काढलं आणि त्या निष्कलंक बिल्ल्याच्या धुराड्याला भोक पाडलं. मग त्यावर बुटाचं पॉलिश चोळलं आणि म्हातारपण यावं म्हणून बिल्ला दोन दिवस किल्ल्यांबरोबर खिशात खुळखुळवला. बिल्ल्याला उघड्या बोटाने शिवू नये, यावर याच गृहस्थाने मागच्या हिवाळ्यात मंडळात व्याख्यान दिलं होतं. ड्रिल चालवताना त्याला खरोखरच रडू आलं.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये केक कापून झाला आणि डेल्बर्टने पुढे होऊन बिल्ला ओवलेली फीत आत्याच्या कोटाला टाचली. आत्याला आता फारसं दिसत नसे. तिने अंगठ्याने बिल्ला चाचपला आणि तिचा चेहरा पडला.

"हा आपला नाही रे बाळा. आपल्या भोकाची कड बोटाला बोचते. लहानपणी रक्त काढलंय तिने माझं."

डेल्बर्ट सहीसलामत सुटण्यासाठी काहीतरी बोलणार, तेवढ्यात लोर्नाने पर्स उघडली, आतून एक काळपट बिल्ला काढला आणि आत्याच्या तळहातावर ठेवला. आत्याने तो चाचपला. "हा!" ती म्हणाली आणि रडायला लागली. लोर्नाचेही डोळे भरले.

गाडीत बसल्यावर डेल्बर्टला वाचा फुटली. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"क्लाइडच्या बायकोने मला त्याच दिवशी फोन केला."

"मी ड्रिल चालवत होतो, तेव्हा थांबवायचं तरी!"

"मला वाटलं, अपग्रेड करतोयस."

डेल्बर्टने गाडी सुरू केली. मग त्याच्या मनात आलं की क्लाइड फुकट काहीच देत नाही. "तू त्याला पैसे कुठून दिलेस?"

"पैसे कशाला? तुझ्यासारखीच अदलाबदल केली. तुझ्या पेटीतला तो चांदीचा होता ना, सगळ्यात वरच्या खणातला? तो दिला."

"शक्यच नाही. मी रोज पेटी उघडतो."

घरी पोचताच डेल्बर्टने कोटसुद्धा न काढता पेटी उघडली. वरच्या खणात, मखमलीवर, अगदी मधोमध, त्याच्याच जुन्या कोटाचं एक बटण ठेवलं होतं. त्याला चार भोकं होती.