जखमीने हलू नये

"हलू नको गो! जखमी माणूस हलत नाही," लवू म्हणाला.

"जखमी माणसाच्या नाकाला खाज सुटत नाही का रे?" कुंदा म्हणाली. "तेवढं खाजव आधी, मग देशाचं काय ते बघ."

देशाचंच काम होतं, खोटं कशाला बोला! लवू परब नागरी संरक्षणाच्या कचेरीत शिकवायला होता. आग, पूर, भूकंप, काहीही येवो, मदतीला धावणाऱ्यांना देशभर एकसारखं शिक्षण मिळावं म्हणून दिल्लीने नियमांचा मसुदा मागवला होता. तोवर एका राज्यात जखमीला आधी डोक्याकडून उचलत, दुसऱ्यात पायाकडून. मधल्या राज्यातला जखमी काय करत असेल देव जाणे. 'जखमीला घरातून खाली आणणे' हे प्रकरण लवूच्या वाट्याला आलेलं. घरातल्या वस्तूंनी जमेल तोच खरा नियम, असा त्याचा हट्ट. म्हणून रविवारी सकाळी, अंधेरीत दुसऱ्या मजल्यावर, त्याची बायको कुंदा पलंगाच्या फळीला बांधून घेऊन आडवी पडली होती. एका पायाला लाटणं, दुसऱ्याला छत्री, हात अंगाशी आवळलेले आणि डोक्याला जुन्या साडीची पट्टी.

तेवढ्यात शेजारच्या वसुधाकाकू विरजण मागायला आल्या. "अगं बाई गं!" म्हणून किंचाळल्या आणि लवूने तोंड उघडायच्या आत पसार झाल्या. मजल्यावर फोन त्यांच्याकडेच. धापा टाकत परत आल्या आणि म्हणाल्या, "कुंदा, मुलुंडला तुझ्या आप्पांना कळवलं हो!"

कुंदाचा चेहरा पांढरा पडला. गिरणी कामगाराच्या पोराशी, त्यातून शिट्ट्या वाजवत दोरीच्या गाठी शिकवणाऱ्याशी लेकीने लग्न केलं, म्हणून आप्पांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. या घराची पायरी ते कधी चढले नव्हते. दिवाळीला कुंदा मुलुंडला गेली की आई फराळाचा डबा भरून देई आणि आप्पा वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसत. परतताना कुंदा रडे. लवूला फार वाईट वाटे, पण त्यावर काही उपाय त्याला सुचत नसे.

"अहो काकू, हा नुसता सराव आहे!" लवू कळवळला. "परत फोन करा!"

काकू फोनकडे पळाल्या. पण बातमीला कुठे फोन लागतो! सगळी इमारत घरात लोटली. तळमजल्यावरच्या मालनबाई शहाळं घेऊनच आल्या.

"अहो, काही झालेलं नाही तिला," लवू जो येईल त्याला सांगत होता.

"काही नाही म्हणतात ना, तेव्हाच जास्त असतं," मालनबाईंनी निकाल दिला आणि शहाळं कुंदाच्या तोंडाला लावलं.

"जखमीच्या तोंडात काही घालायचं नसतं!" लवू ओरडला. तोवर जखमीने अर्धं शहाळं संपवलं होतं.

येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजावण्यात तास गेला. "आता सोड बाबा मला," कुंदा म्हणाली. लवू गाठीला हात घालतो तोच जिन्यात ओळखीचं खाकरणं ऐकू आलं. माणसं बाजूला झाली. दारात आप्पा उभे होते.

"कुंदे!" त्यांचा आवाज फाटला. डोळे वाहत होते आणि रुमाल काही खिशातून निघत नव्हता.

खरं सांगायला कुंदाने तोंड उघडलं. मग तिला वाटलं, सांगितलं तर हे आल्या पावली परत जातील.

"आप्पा, दुखतंय," ती म्हणाली.

लवूची वाट लागली. सरकारी माणूस, त्याला खोटं बोलवेना. आणि बायकोचे डोळे बघून खरंही बोलवेना. आप्पा फळीशेजारी जमिनीवरच बसले आणि लेकीच्या गालावरून हात फिरवत राहिले.

"पट्टी कोणी बांधली?"

"ह्यांनी." एरवी 'अरे लवू' म्हणणारी कुंदा वडिलांसमोर एकदम 'ह्यांनी'वर आली.

"चांगली बांधलीय," आप्पा उठले. "चला, डॉक्टरकडे नेऊ. डोक्याकडून मी धरतो. कसं धरायचं ते सांगा, जावईबापू."

जावईबापू! "कंबर नाही, गुडघे वाकवा," कसंबसं म्हणत लवूने शिट्टी फुंकली. फळी उचलली गेली आणि जिना उतरू लागली. मागे शहाळं घेऊन मालनबाई.

कुंदाला वर आप्पांचा चेहरा दिसत होता. घामाने डबडबलेला, लाल झालेला. दम लागला होता, पण फळी कलू देत नव्हते. तिला ते बघवेना.

"ठेवा मला खाली! काही झालेलं नाही मला. खोटं बोलले मी, आप्पा!"

लवूने डोळेच मिटले. आप्पांनी त्याच्याबरोबर फळी अलगद टेकवली आणि पायरीवर बसकण मारली.

"माहीत आहे," ते म्हणाले. "त्या बाईंचा दुसरा फोन आला होता. मी सदऱ्याची बटणं लावत होतो. तुझी आई म्हणाली, काही झालं नाही ना, मग काढा आता सदरा. मला काही तो काढवेना."

"मग उचललंत कशाला मला?"

"तू म्हणालीस दुखतंय, मी म्हटलं उचलतो. इतके दिवस बोललो नाही गं आपण. दुसरं काय बोलायचं ते सुचलंच नाही."

कुंदा हुंदके देऊन रडायला लागली. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, आप्पांनीच पुसले. लवू लगबगीने गाठी सोडायला वाकला.

"अहो, सोडू नका," आप्पा म्हणाले. "असंच वर घ्या हिला. सुटली की चहा टाकायला पळेल. आज चहा तुम्ही टाका. मला जरा हिच्यापाशी बसायचंय."