बादली ते किटली

अपेक्षाने घर आणि अंगण मिळून चौदा जागा मोजल्या. प्रत्येक जागी मोबाईल धरून तीनदा रेंज पाहिली आणि सरासरी काढली. माजघरात शून्य काड्या. ओसरीवर एक तृतीयांश, म्हणजे तीनदा पाहिली तर एकदाच. तुळशीपाशी एक. न्हाणीच्या मागे दोन, पण तिथून मुलाखत देणं बरं दिसलं नसतं. पुऱ्या तीन काड्या फक्त एकाच ठिकाणी मिळाल्या: गोठ्यात, चंद्री म्हैस आणि पेंढ्याचा ढीग यांच्या मधल्या अडीच फुटांत.

मग मुलाखत गोठ्यात, असं तिने वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या कारखान्यात तपासणी खोलीसाठी माणूस हवा होता. जागा एकच. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाल्यापासून अपेक्षाने अकरा अर्ज पाठवले होते आणि उत्तर आलेला हा पहिला. ही संधी हुकली तर आत्याने चाकणच्या गोदामातली नोकरी बघून ठेवलीच होती. तिथे दिवसभर खोकी मोजायची होती. मोजायला अपेक्षाची ना नव्हती, पण खोक्यात काय आहे हे उघडून बघायची तिथे परवानगी नव्हती. हे तिला सोसण्यासारखं नव्हतं.

कारखान्याने कळवलं होतं: ‘व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं स्वतःची ओळख करून द्या. घर, पाळीव प्राणी, छंद, काम. पाठ केलेलं नको.’

अपेक्षाने ते पाठ केलं. घर तीस सेकंद, प्राणी वीस, छंद तीस, काम अडतीस. दोन सेकंद नमस्कारासाठी राखीव.

“यात चुकायला जागाच नाही,” ती आईला म्हणाली.

“आन तुला बसायला गोठ्यातच जागा घावली व्हय?” सविताबाई म्हणाल्या.

“आई, अकरा ते सव्वाअकरा गोठ्यात कुणी यायचं नाही. मिक्सर नाही. कोंबड्या डालग्याखाली. आणि मॅनेजरला बांधून ठेव.”

मॅनेजर हा कुत्रा. त्याचं नाव शेजारच्याच घरात राहणाऱ्या केरबाकाकांनी ठेवलं होतं. काका रोज सकाळी चंद्रीचं दूध किटलीत भरून मोटरसायकलवरून लोणावळ्याला कुठल्याशा कँटीनला घालत. कुत्र्याचं नाव कशावरून ठेवलं असं कुणी विचारलं की म्हणत, “एका वळखीच्या मानसावरनं.” अपेक्षाला जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दल प्रश्न पडत. कँटीन कुठलं आणि माणूस कोण, हे दोन प्रश्न मात्र तिने कधी विचारले नव्हते.

अकराला कॉल लागला. पडद्यावर दोन चेहरे आले. एक तपासणी खोलीच्या प्रमुख नसीम मॅडम. दुसरे जाड चष्म्याचे गृहस्थ.

“हे प्रदीप सर,” मॅडम म्हणाल्या, “आपल्या कारखान्याचे मॅनेजर.”

अपेक्षाने राखीव दोन सेकंद वापरले. स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाली, “नमस्कार मॅडम. नमस्कार मॅनेजर साहेब.”

अंगणात कुणाच्या तरी गळ्यातली सुतळी तटकन तुटली.

मॅनेजरला इतक्या आदराने आजवर कुणी हाक मारली नव्हती. तो गोळीसारखा गोठ्यात शिरला, चंद्रीच्या पोटाखालून निघाला आणि पुढचे दोन्ही पाय अपेक्षाच्या खांद्यावर ठेवून थेट कॅमेऱ्यात बघू लागला. त्याच्यामागून सविताबाई लाटणं घेऊनच आल्या.

“मॅनेजर, गुमान भाईर हो! किती येळा सांगितलं, लोकांच्या तोंडापाशी तोंड न्यायचं न्हाई. सकाळधरनं दोन भाकरी हादडल्यास, लाज वाटती का?”

पडद्यावर प्रदीप सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

“हे मला होतं का?”

“नाही सर,” अपेक्षा म्हणाली. कुत्र्याचा एक पंजा अजून तिच्या कानावर होता. “हा आमचा कुत्रा. पाळीव प्राणी हा दुसरा मुद्दा होता. तो आधी आला.”

“कुत्र्याचं नाव मॅनेजर?”

प्रश्न साधा होता आणि सविताबाईंना विचारणाऱ्याचा हुद्दा ठाऊक नव्हता. त्या वाकून, लाटणं पदराआड करून, अगत्याने म्हणाल्या, “व्हय साहेब. आमच्या दिरानं ठेवलंय. दिसभर सावलीला बसतंय, काम काय करत न्हाई, आन येनाऱ्याच्या किटलीत नाक तेवढं घालतंय. म्हनून मॅनेजर.”

पडदा गोठला. नेटवर्क गेलं असेल, असं अपेक्षाला मनापासून वाटलं. तिने वरच्या कोपऱ्यात पाहिलं. काड्या तीन होत्या. म्हणजे प्रदीप सरच हलत नव्हते. नसीम मॅडमनी तोंडापुढे फाईल धरली होती आणि फाईल थरथरत होती.

दुसऱ्या कुणी इथे फोन बंद केला असता. अपेक्षाने घड्याळ पाहिलं. तिच्या हिशेबाने अजून अठ्ठ्याण्णव सेकंद बाकी होते आणि चाकण डोळ्यांसमोर होतं. तिने आईला कुत्र्यासकट बाहेर काढलं, केसांतली पेंढ्याची काडी उपटली आणि पुढे चालू केलं.

“घर. वडील कैलास, खंडाळ्याला एका बंगल्यावर ड्रायव्हर. आई सविता, सुट्टीच्या दिवसांत भुशी धरणापाशी मक्याची कणसं भाजते. आत्ता होती ती तीच. छंद. मी दूध मोजते.”

“म्हणजे लिटरवर?” नसीम मॅडमनी फाईल खाली केली.

“लॅक्टोमीटरने. काचेची नळी असते, दुधात तरंगते. दूध पातळ झालं की ती खोल बुडते आणि आकडा उतरतो. आमच्या म्हशीचं दूध मी रोज दोनदा मोजते. एकदा धार काढल्यावर बादलीत, एकदा फाटकापाशी किटलीत. अर्ध्या अंकापर्यंत वाचते. बासष्ट दिवसांची सरासरी: बादलीत एकतीस, किटलीत चोवीस.”

मॅडम पुढे सरकल्या. “बादली ते किटली अंतर किती?”

“चाळीस पावलं.”

“चाळीस पावलांत सात अंक कसे उतरले?”

“सहा शक्यता मांडल्या होत्या. तापमान, फेस, नळीतला दोष, किटलीचा धातू, आणि दूध ढवळलं न जाणं. पाचही तपासून खोडल्या.”

“आणि सहावी?”

वहीत सहाव्या ओळीवर अपेक्षाने ‘काका?’ असं लिहिलं होतं आणि लिहिल्याबरोबर खोडलं होतं. ती काचेची नळी काकांनीच तळेगावहून आणून दिली होती. ‘पोरगी आमची शास्त्रज्ञ होनार,’ असं आख्ख्या वाडीला सांगत त्यांनी ती खिशातून, रुमालात गुंडाळून आणली होती.

“अपे, माजी किटली कुटं ठिवलीस गं?” म्हणत नेमके तेच गोठ्यात आले. फोनवर नजर गेली आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“रामराम मॅनेजर साहेब. तुमी हितं कुटं?”

बाहेरून मॅनेजरने आनंदाने ओ दिली.

“केरबा?” प्रदीप सरांचा चेहरा पडद्यावर एकदम मोठा झाला. “तुम्ही यांचे कोण?”

“चुलता. सख्खा.”

“म्हणजे कुत्र्याचं नाव ठेवणारा दीर तो तुम्हीच. आणि आपल्या कँटीनच्या किटलीतलं दूध ते हेच.”

काकांनी टोपी घातली, काढली, परत घातली. अपेक्षाने एकदा फोनकडे आणि एकदा काकांकडे पाहिलं. एकाच वेळी नोकरी देणारा, कुत्र्याच्या नावाचा मूळ धनी आणि काकांचं गिऱ्हाईक, असं सगळं त्या जाड चष्म्याच्या मागे बसलं होतं.

“सहावी शक्यता सांगा, अपेक्षा,” नसीम मॅडम शांतपणे म्हणाल्या.

काकांनी चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला, जणू साक्षीदार उभा केला.

“सहावी शक्यता नळ,” अपेक्षा म्हणाली. “तो विसाव्या पावलावर आहे. पण त्याखाली किटली धरलेली मी कुणाला पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेलं मी लिहिणार नाही. किटलीतला आकडा मात्र चोवीसच आहे. तो बदलता येणार नाही.”

“साहेब, म्हस धरनाच्या पान्यावर वाढलीय,” काका घाईने म्हणाले. “जातच पातळ.”

“काका, बादलीत एकतीस आहे.”

“तू गप बस की जरा.”

“म्हणजे चार वर्षं मी जो चहा पितोय,” प्रदीप सर म्हणाले, “त्यात…”

“चहाचं मोजलेलं नाही, सर.”

यावर काय उत्तर आलं असतं ते कळलं नाही. चंद्रीने बराच वेळ बाजूच्या पेंढ्यावर नजर ठेवली होती. तिने त्यातली एक पेंढी ओढली, ढिगावर टेकवलेला फोन आत घसरला आणि मुलाखत अंधारात संपली. काम हा चौथा मुद्दा, अडतीस सेकंदांचा, तसाच राहिला.

फोन शोधायला दोघांनाही हात घालावे लागले. काकांना तो आधी सापडला. त्यांनी तो धोतराला पुसून तिच्या हातात दिला.

“गेली ना तुजी नोकरी?”

“बहुतेक.”

“आन माजं गिऱ्हाईक बी.” ते जाताना दारात थांबले. “ती नळी तुला द्याया नको होती. तळेगावला कंगवा घ्याया गेलतो मी, कंगवाच आनला असता तर बरं झालं असतं.”

त्या दुपारी काका जेवायला आले नाहीत. सविताबाईंनी त्यांच्यासाठी झाकून ठेवलेली भाकरी मॅनेजरने खाल्ली. अपेक्षाने चाकणच्या बसचं वेळापत्रक काढून पाहिलं आणि गाडी किती मिनिटं उशिरा येते याचे तक्ते आखायला घेतले.

संध्याकाळी पाचला तुळशीपाशी, एका काडीवर, संदेश आला. सोमवारपासून रुजू व्हावं. कामाबद्दल तुम्ही काही सांगितलं नाहीत, पण ते आम्ही पाहिलं, असं नसीम मॅडमनी लिहिलं होतं. खाली प्रदीप सरांची एक ओळ होती: ‘पहिलं काम, रोज सकाळी फाटकावर कँटीनचं दूध तपासणे. पुरवठादार तोच राहील. कुत्र्याचं नाव बदलता आल्यास पाहावे.’

सविताबाईंनी संदेश दोनदा वाचून घेतला. “आन ह्याला आता काय म्हनायचं?” त्या कुत्र्याकडे बघत म्हणाल्या. वाघ्या, मोत्या, राजा, सगळं म्हणून पाहिलं. तो ढिम्म हलला नाही. शेवटी हळू आवाजात मॅनेजर म्हणावं, असं ठरलं.

सोमवारी अपेक्षा पांढऱ्या कोटात कारखान्याच्या फाटकावर उभी होती. एका हातात वही, दुसऱ्या हातात नळी. सात वाजून दहा मिनिटांनी काकांची मोटरसायकल आली. त्यांनी किटली उतरवली, खाली ठेवली आणि झाकणावर हात ठेवून उभे राहिले.

“घरच्या मानसाचं बी मोजनार?”

“होय काका.”

“सकाळी घरी बादलीत मोजलंस की.”

“हो. आता किटलीत.”

“लय शिकलीस,” काका म्हणाले आणि त्यांनी हात काढला.

अपेक्षाने दूध पळीने तीनदा ढवळलं, उंच भांड्यात काढलं, फेस बसू दिला, नळी सोडली आणि ती स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. मग डोळे दुधाच्या पातळीला आणून वाचलं आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

सहा वाजता, बादलीत: एकतीस. सात वाजून चौदा मिनिटांनी, किटलीत: साडेतीस.