रोमशहरीच्या भंगल्या मूर्तींची हकिकत

श्री. कुलदेवता सदा जागती असो. तिचे चरण स्मरोन, जैसे ऐकिले तैसे लिहितो.

शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, ज्येष्ठमासी आमचे राज्यीचे भगवंतराव आणि सुभद्राबाईसाहेब रोमशहरी मोहिमेस गेली. राज्य म्हणजे तीन खोल्या आणि एक गॅलरी, परंतु दिमाख थोरला. एकुलती लेक मृणालिनी बाळंत होण्यास अवकाश होता आणि तिनेच 'जाऊन या, परत कधी जमणार?' ऐसा आग्रह धरिला, मग उभयतां विमानारूढ जाहली. कमानी पाहिल्या, पडकी देवळे पाहिली, आणि रावसाहेबांनी प्रत्येक खांबास हात लावून पाहिला. तों संग्रहालयाचे दारी जावयाचा फोन आला की मृणालिनीस आजच कळा लागल्या, आत नेले आहे, मग कळवितो. आणि फोन बंद.

बाईसाहेबांनी आत नजर टाकिली तों संगमरवरी मूर्तींचा दरबार भरलेला. कोणास शिर नाही, कोणास हात नाहीत. त्या दारातच थिजल्या आणि बोलिल्या, "अहो, मी नाही यायची. पोर तिकडे अडलीय आणि मी भंगलेल्या मूर्ती बघू?"

"अगं, हे देव नव्हेत, राजे आहेत."

"मग राजे तरी धड नकोत?"

रावसाहेब एरवी थंड गृहस्थ, परंतु आज त्यांसही स्वस्थ राहवेना. मग एकटेच आत शिरले आणि दालनामागून दालन पालथे घातले, की एक तरी अखंड मूर्ती गवसावी आणि हिला धीर यावा. शेवटी एक देवी सापडली, शिर जागेवर, हात जागेवर. मग बाईसाहेबांस डोळ्यांवर पदर घेववून, हात धरोन तेथे आणिले. पदर सारिला तों गळ्याभोवती सांधा!

"अहो, ही जोडलेली आहे!"

पहारेकरीण पुढे आली आणि मोठ्या अभिमानाने बोट फिरवोन मान, दंड, मनगट ऐसे सारे सांधे दाखविती जाहली. रावसाहेबांचा चेहरा उतरला. इतक्यात पुन्हा जावयाचा फोन आला.

"आई, सिझर करावं लागलं. टाके पडलेत, पण मृणाल बोलतेय. मुलगी झाली. दोघी छान आहेत."

बाईसाहेब मटकन बाकावर बसल्या, हमसून रडल्या, आणि पहारेकरणीचा हात धरोन बसल्या. मग डोळे पुसोन उठल्या. "चला, आता दाखवा तुमचे राजे. एकही सोडायचा नाही."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. लेक वाचली, नात आली. रावसाहेबांचे पाय गेले, आणि बाईसाहेब एकेका मूर्तीचा सांधा शोधोन कौतुके पाहात राहिल्या, पहारेकरीण येऊन 'दारे लावितों' ऐसे सांगेतों.