ढब्बूचं उष्टावण

एका जंगलात हत्तींचा कळप राहायचा बरं का, पोरांनो. त्यांच्यात एक जुनी रीत होती. पिल्लाचं उष्टावण व्हायचं, पण खिरीनं नाही, आईच्या लिदीनं. मामानं चिमूटभर लीद सोंडेत घ्यायची आणि भाच्याच्या तोंडात घालायची.

नाकं मुरडू नका! आईच्या पोटातले भले जंतू त्याच वाटेनं लेकरात जातात. मग ते लेकराच्या छातीला समजावतात, की बाई, धूळ काही तुझी वैरीण नाही.

सुगंधा हत्तिणीला पहिलंच पिल्लू झालं, ढब्बू. उष्टावणाला मामा आला. तेवढ्यात डॉक्टर कोल्हेही आले. शहरात शिकून आले होते म्हणे. म्हणजे शहराच्या उकिरड्यापर्यंत जाऊन आले होते.

"थांबा! ताई, जंतू असतात त्यात!"

"आमच्यात चालतं, साहेब," मामा म्हणाला.

"म्हणूनच तुम्ही असे राहिलात."

सुगंधा घाबरली. पहिलटकरणीला घाबरवायला असं काय लागतं? "दादा, टाक ती. आणि आधी सोंड धुऊन ये."

दादा धुवायला गेला, तो परत आलाच नाही.

कोल्ह्यानं जंतू मारायचा फवारा दिला. सुगंधानं तो ढब्बूवर मारला, गवतावर मारला. चिखलसुद्धा सोडला नाही बयेनं!

ढब्बू चकचकीत झाला. मग मोहाला फुलं आली, हवेत पराग उडाले आणि ढब्बूच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. सोंड वर करून हवा ओढायचा, पण हवा आत जाईना.

"साहेब, माझं लेकरू गुदमरतंय हो!"

"गुदमरणारच. पोटात भले जंतूच नाहीत त्याच्या." कोल्ह्यानं पानाची पुडी काढली. "हे चारा."

सुगंधानं हुंगलं. "अहो, ही तर माझीच लीद!"

"छे! तुमची उघड्यावरची होती. ही पुडीतली आहे."

उसाची मोळी देऊन तिनं पुडी घेतली. ढब्बूनं ती खाल्ली. पण जंतूंनी पोटात घर करायचं वय निघून गेलं होतं. शिट्टी राहिली ती राहिलीच.

आता बाकीची पिल्लं पळत पुढे जातात आणि ढब्बू झाडाला टेकून श्वास गोळा करतो. हत्तिणी मात्र कौतुकानं म्हणतात, "शिट्टी ऐकलीस का गं? चांगल्या घरचं लेकरू दिसतंय. आपणही आणू या तो फवारा."

तात्पर्य: आईनं दिली तर घाण, कोल्ह्यानं दिली तर औषध. म्हणून शहाण्या आईनं मामाला दारातूनच परत पाठवावं. लेकराला श्वास पुरला नाही तरी चालेल, चारचौघींत आपलं नाक वर राहिलं पाहिजे.